पहिल्या गिअरात उभी केलेली गाडी

मी बोलतो अन् माझी सून लिहून घेती. मला लिहिता येत न्हाई. सही येती, पण तीबी लई दिवसांनी केली की नाव दुसऱ्याचं वाटतं. सुनंला म्या सांगून ठेवलंय, मी बोलतो तसंच लिही, शुद्ध करायला जाऊ नको, न्हाईतर लोकाला वाटंल दुसऱ्याच कुन्या शिकलेल्या माणसानं ही चूक केली.

वसमतला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मोठी जिंदगी त्यात गेली. दुकान बंद काहून केलं, तर पांढरी वायर अन् पिवळी वायर डोळ्याला सारखीच दिसायला लागली. वाचता न येणाऱ्या वायरिंगवाल्याजवळ रंगाशिवाय दुसरं असतंय काय? शिकलेले मिस्त्री नकाशा उघडून बसतात. मी शेजारच्या टेलरकडून रंगीत चिंध्या आणायचो. गाडी खोलली की स्टार्टरच्या वायरीला लाल चिंधी, लाईटच्या वायरीला हिरवी, जिचं काहीच कळत न्हाई तिला काळी. काही गाड्यांत काळ्या चिंध्याच जास्ती व्हायच्या. लोक म्हणायचे, गंगाराम, गाडी दुरुस्त करून राहिला का नवस फेडून राहिला?

गाड्यात कॉम्प्युटर आला तवा पहिली अब्रू गेली. एका सरपंचाची गाडी बंद पडून आली. सीटखाली चपटा डबा सापडला. म्या तो उघडला, आत धूळ दिसली. कार्ब्युरेटर धुतो तसा म्या तो पेट्रोलनं धुतला, ब्रश मारला अन् दुकानाच्या छपराच्या टिनावर उन्हात वाळत घातला, पापडासारखा. सरपंच आले, वर बघून म्हणाले, हे काय वाळून राहिलं? म्या म्हणलं, तुमच्या गाडीचं डोकं. नांदेडहून दुसरं डोकं येईपर्यंत महिनाभर सरपंच माझ्या मोटारसायकलवर मागं बसून मीटिंगला जात होते, अन् मी गावोगाव सांगत होतो की सरपंचाचा ड्रायवर झालो.

अशा गमती माझ्याजवळ पोतंभर हायत, अन् सगळ्या माझ्याच फजितीच्या. माणूस हसला की त्याला राग येत न्हाई, हे मला लवकर कळलं होतं. काम बिघडलं की मी आधी स्वतःवर हसवायचो. वसमतात माझं नाव कामापेक्षा बोलण्यानंच जास्ती. पण एकदा म्या दुसऱ्यावर हसवलं, ते सांगायला बसलोय.

शिरड शहापूरच्या बाजूला सुमनताई राहतात. घरची हळद. ताईनं गावातल्या बाया जमवून बचत गट केला, हळद दळायची, पाकिटं भरायची, आठवडी बाजारात विकायची. आधी ताई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसायच्या, मांडीवर दोन पिशव्या. नवरा दादाराव सज्जन माणूस, पण त्यांना सवड असली तरच ताईचा बाजार व्हायचा. सवड नसली की पाकिटं घरी.

मंग ताईनं गटाच्या अन् स्वतःच्या कमाईतून एक जुनी गाडी घेतली. ऑटोमॅटिक. आमच्या भागात तवा अशी गाडी कुनाजवळ नव्हती. ज्यांना गाडीचं ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गाडीत पायाशी तीन पॅडल असतात, क्लच, ब्रेक, रेस. डाव्या पायानं क्लच दाबायचा, हातानं गिअर टाकायचा, मंग क्लच हळूहळू सोडायचा. ऑटोमॅटिकात दोनच पॅडल. गिअर कॉम्प्युटर टाकतो. ताईनं पंचेचाळिशीत गाडी हातात घेतली ती क्लच न्हाई म्हणूनच. सहा वर्षं चालवली. औंढा, जवळा, हिंगोली, कुटं कुटं एकट्या जायच्या. माझ्या दुकानी आल्या तरी गाडी उघडली की हळदीचा वास, सीटा पिवळ्या, गिअरच्या दांडीच्या फटीत हळद. मी म्हणायचो, ताई, या गाडीचं लगीन लागायचं राहिलंय, हळद तेवढी कायमची लागलीय. ताई हसायच्या. गाडी बंद करून चावी बोटात फिरवत उतरायच्या, ते मला अजून दिसतं.

एका पावसाळ्यात सिद्धेश्वरकडून येताना ओढ्याच्या पाण्यात गाडी अडकली. इंजिन वाचलं, पण गिअरबॉक्सात पाणी शिरलं. आमच्या सलीमभाईनं खालचा नट खोलला तर तेल गुलाबी निघालं, दूध घातल्यासारखं. सलीमभाई माझ्या शेजारचा गिअरबॉक्सचा मिस्त्री. गाडीचं लोखंड त्याचं, वायरी माझ्या, अशी आमची वाटणी. तो म्हणाला, "गया ये. इसका इलाज इधर न्हाई."

मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी नव्या गिअरबॉक्सचं जे सांगितलं ते ऐकून दादाराव तिथंच खाली बसले. मंग कुनीतरी त्यांच्या कानात घातलं की त्याच गाडीचा साधा गिअरबॉक्स भंगारात मिळतो, तो बसवा, क्लच लावा, झालं. दादाराव आमच्याकडं आले. सलीमभाई म्हणाला, लोखंड बसंल. म्या म्हणलं, वायरीबी बसतील. आमच्या तालुक्यात असं काम कुनी केलेलं नव्हतं, अन् मला तेवढ्यानंच चढली. आमी तिघं चहा पिऊन ठरवून मोकळे झालो. गाडी चालवणार कोण, तिला विचारलं का, हे तिघांपैकी एकाच्याबी तोंडात आलं न्हाई.

चार दिवसांनी ताई आल्या. गाडीचं पोट उघडं पडलेलं बघून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "गंगारामभाऊ, मला क्लच जमंल का?"

म्या म्हणलं, "ताई, मला जमला. आता जगात कुनालाबी जमंल."

ताई दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग क्लासला लागल्या. रोज बसनं वसमतला यायच्या, तीन आठवडे, अठरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत.

इकडं माझं काम बिघडून राहिलं होतं. सलीमभाईचं लोखंड आठ दिवसात बसलं. म्या चावी फिरवली तर स्टार्टर टक् पण करंना. ऑटोमॅटिक गाडी दांडी पार्कवर न्हाईतर न्यूट्रलवर नसली की सुरूच होत न्हाई. गिअरबॉक्सच्या अंगाला एक स्विच असतो, तो सांगतो दांडी कुटं हाय. आमी गिअरबॉक्ससंगं तो स्विचबी काढला होता. म्या त्या दोन वायरी जोडून दिल्या, म्हंजे गाडीला वाटावं दांडी कायम न्यूट्रलवर हाय. स्टार्टर फिरला. म्या मिशीवर हात फिरवला.

पण गाडी चालंना. वीस-पंचवीसच्या पुढं जाईचना. आतल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या डब्यांना एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी असतात, त्यावरून ते आपसात बोलतात. गिअरबॉक्सचा डबा म्या काढून टाकला होता. बाकीचे त्याला हाका मारून राहिले, तो ओ देईना, म्हणून इंजिनानं भेदरून अंग चोरलं. काट्यात स्पीड दिसंना, मागं घ्यायचा पांढरा लाईट लागंना, समोर पिवळा दिवा सारखा डोळे वटारून. काळ्या चिंध्या संपल्या, सुनंच्या जुन्या परकराच्या फाडून आणल्या.

शेवटी कळलं, डोकंच बदलावं लागतंय, साध्या गिअरच्या गाडीचं. नांदेडच्या भंगारातून ते आणलं. ते बसवलं तर गाडी सुरू व्हायची अन् दोन सेकंदात मरायची. चावीत बारीक चिप असती, नवीन डोकं तिला ओळखंना. लॅपटॉपवाला माणूस बोलवून ओळख करून दिली. नवा स्पीडचा सेन्सर, नवा मागच्या लाईटचा स्विच. एकेक दिवा विझत गेला. महिना गेला, पण त्या गाडीपुढं मी हरलो न्हाई. एवढं नीट काम म्या आयुष्यात केलं न्हाई.

एक सोडून. साध्या गाडीच्या डोक्यालाबी एक स्विच लागतो, क्लचच्या पॅडलवर. क्लच दाबला तरच स्टार्टर फिरणार, म्हंजे चुकून गिअरात असली तरी गाडी उडी मारणार न्हाई. भंगारातून आलेल्या पॅडलचा तो स्विच तुटका होता. अंगठ्याच्या पेराएवढा. म्या म्हणलं, आधी चालू करून बघू, स्विच मंग लावू. त्याच्याबी दोन वायरी जोडून टाकल्या. सलीमभाईनं बघितलं. म्हणाला, "गंगाराम, वो स्विच लगा दे रे. बाद में भूलता तू."

मी भुललो न्हाई. हे नीट लिही म्हणलं सुनंला. माझ्या ध्यानात होतं. पण गाडी चालू होती, चौकात माझं नाव झालं होतं, अन् स्विच आणायला परत नांदेडला जायचा मला कंटाळा आला.

आमच्याकडं एक पद्धत हाय. मोठं काम झालं की गाडीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, अन् पहिली चावी मालकानं स्वतः मारायची. गाडी घ्यायला ताई अन् दादाराव आले. ताईनं हळद घरची आणली होती. माझ्या दुकानापुढं उतार, अन् उताराच्या खाली चहाचं हॉटेल. हँडब्रेकची तार अजून ढिली होती, म्हणून म्या सकाळीच गाडी पहिल्या गिअरात टाकून चाकाखाली दगड लावला होता. आमची मिस्त्री लोकाची सवयच ती. गाडीत बसलो की आमी आधी दांडी हलवून बघतो अन् मंग चावी मारतो. ते आमाला कुनी शिकवलेलं न्हाई, अन् आमी ते दुसऱ्याला सांगतबी न्हाई.

नारळ फुटला. म्या चाकाखालचा दगड काढला अन् तिथं लिंबू ठेवलं.

ताई बसल्या. सहा वर्षाच्या सवयीनं सरळ चावी फिरवली. गाडीनं उडी मारली, लिंबावरून गेली, इंजिन सुरू झालं अन् उतारानं निघाली. ताईनं ब्रेक दाबायला पाय टाकला. ऑटोमॅटिकात ब्रेकचं पॅडल पावलाएवढं रुंद असतं. आमी भंगारातल्या पॅडलचा संच बसवला होता, त्यातला ब्रेक चिंचोळा. पाय घसरून खाली गेला. हॉटेलाच्या बाकड्यावरची माणसं पळाली. गाडी बाकडं मोडून पाण्याच्या ड्रमाला टेकली अन् बंद पडली. बाकड्यावरचे नामदेवअण्णा पळता पळता पडले, कोपर सोललं. बाकी कुनाला काही झालं न्हाई.

चहावाला हातात गाळणी धरून उभा. ताई स्टिअरिंगला धरून बसलेल्या. मी पळत गेलो, अन् माणसाला कसं असतंय बगा, पळता पळता माझं डोकं दोन वायरी, दगड, गिअर, सगळं मोजून मोकळं झालं. मी दारापाशी पोचलो तवा मला सगळं ठाऊक होतं.

ताईनं माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "भाऊ, म्या फकस्त चावी फिरवली. चावी फिरवल्यावर गाडी पुढं जाती का?"

आयुष्यभर मी स्वतःवर बोललो. त्या टायमाला बोललो असतो तर लोक हसले असते, नामदेवअण्णांनी दोन शिव्या दिल्या असत्या, अन् चहा पिऊन सगळे घरी गेले असते. पण गाडी तालुक्यातली पहिली होती ना. म्या चहावाल्याकडं तोंड केलं अन् म्हणलं, "दोन कप गाडीतच दे रे. ताईला उतरायचा कंटाळा आलाय."

लोक हसले. भीती मोडली की माणूस जास्तीच हसतो. दादाराव हसले न्हाईत. ते हळूच मला म्हणाले, "गंगाराम, गाडीत काही दोष तर न्हाई?"

म्या म्हणलं, "गाडी बराबर हाय दादा. गाडीला कळतंय, चालवणारीला कळंना."

परत हशा. ताई खाली उतरल्या, पदर नीट केला, नामदेवअण्णांजवळ गेल्या, कोपर बघितलं, माफी मागितली. चावी दादारावच्या हातात दिली. अन् गाडीच्या दुसऱ्या बाजूनं जाऊन बसल्या.

आठ दिवसांनी दादाराव बंपर ठोकायला गाडी घेऊन आले. त्या दिवशी म्या तो स्विच लावला. आणला, बसवला, वायरी तोडून बराबर जोडल्या, काही बोललो न्हाई. काम झालं की दादाराव म्हणाले, आता क्लच दाबल्याशिवाय सुरू होईना गाडी. म्या म्हणलं, सेटिंग केलंय. त्यांनी मला धन्यवाद दिले.

ताईनं परत चावीला हात लावला न्हाई. माझं ते वाक्य त्यांच्या गावापर्यंत गेलं. तिकडं कुनाच्या सुनंनं मोटारसायकल शिकायची म्हणली की म्हणायचे, गाडीला कळतंय, चालवणारीला कळंना. दुकानात येऊन लोक मलाच ते ऐकवायचे, अन् मी हसायचो. दादाराव काही दिवस पाकिटं घेऊन बाजारात गेले. पण त्यांना लोकाशी बोलायची तकलीफ. हळद घ्या म्हणायला ताईसारखी जीभ पाहिजे. एकेक बाजार सुटत गेला. गटातल्या बाया आपापल्या कामाला लागल्या.

अशी चार वर्षं गेली. यंदा मी शिरड शहापूरला एका लग्नाहून येत होतो. फाट्यावर ताई बसची वाट बघत उभ्या, दोन्ही हातात पिशव्या. पिशवीच्या तोंडातून पिवळी पाकिटं दिसत होती. म्या मोटारसायकल थांबवली. त्यांनी माझ्या डोळ्याचं विचारलं, सुनंचं विचारलं. त्यांच्या बोलण्यात काही राग नव्हता, अन् त्यानंच माझं तोंड उघडलं. म्या सगळं सांगितलं. वायरी, स्विच, गिअर, दगड.

ताईनं पिशव्या खाली ठेवल्या. म्हणाल्या, "म्हंजे क्लच दाबल्याबिगर ती सुरूच व्हायला नव्हती पाहिजे?"

"न्हाई."

"अन् गिअर म्या टाकला न्हाई?"

"म्या टाकला होता ताई. सकाळीच."

मंग म्हणाल्या, "चार वर्षं मी आठवून राहिले, माझा हात गिअरला कवा लागला म्हणून. झोपताना बी हात बघते."

म्या म्हणलं, ताई, उद्याच येतो, मी स्वतः संगं बसतो, पंधरा दिवसात चालवाल. त्यांनी मान हलवली. "आता पाय कापतो भाऊ. ते जाऊ द्या. पण हे मला काहून सांगून राहिले? मी हसले नव्हते. जे हसले त्यांना सांगा."

बस आली. पिशव्या म्या चढवून दिल्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी हॉटेलावर गेलो. चहावाला तोच, नामदेवअण्णा हायत, अजून चार-पाच जण त्या दिवशीचे. म्या उभं राहून सांगितलं. चूक माझी होती, गाडी म्या गिअरात ठेवली होती, ताईचा काही दोष न्हाई. नामदेवअण्णा आधी हसले. मंग सगळे. अण्णा म्हणाले, "अरे, तुझं तर कायमचंच हाय. कुनाचंबी आपल्या अंगावर घेतो." चहावाला म्हणाला, सरपंचाचं डोकं वाळत घातलं होतं ते सांग. म्या म्हणलं, अण्णा, हे खरं हाय. ते अजून हसले. खरं बोलायचा आवाज कसा काढायचा ते मला ठाऊकच न्हाई. एवढी वर्षं एकच आवाज वापरला.

ताईला फोन लावला. म्हणलं, सांगितलं ताई, पण ते हसले. ताई म्हणाल्या, "मंग हसणार न्हाईत असं सांगा," अन् ठेवला.

म्हणून हे लिहून घेतलं. कागदावर माझं तोंड दिसत न्हाई, एवढाच भरवसा. सुनंला म्हणलं, जागा कमी पडली तर वरच्या गमती गाळ, पापडाचीबी गाळ, पण एवढं राहू दे. गाडी पहिल्या गिअरात म्या, गंगारामनं, उभी केली होती. स्विच लावायचा ठाऊक असून म्या लावला न्हाई. दगड म्या काढला. सुमनताईनं फकस्त चावी फिरवली.